मुनिराचं माप

बांद्याच्या बाजारात रहमतुल्ला मास्तर पाठमोरा दिसला तर नवखा माणूस हमखास फसतो. घट्ट जीन, अंगाबरोबर टी-शर्ट, पायांत पांढरे बूट आणि डोक्यावर काळेकुट्ट केस. बघणाऱ्याला वाटतं, कुणाचा तरी तरणा झील सुट्टीवर आलाय. मग मास्तर वळतो आणि चौसष्ट वर्षांचा, गालफडं बसलेला, चार नातवंडांचा आजा समोर उभा राहतो. बघणारा चपापतो. मास्तरला वाटतं, आपली छाप पडली.

केसांचा कार्यक्रम दर दुसऱ्या गुरुवारी, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला गडी चकाचक. मागीलदारी खुर्ची टाकून, गळ्याला अस्तराचा तुकडा बांधून मास्तर स्वतःच्या हाताने काळा रंग लावतो. आरसा छोटा, हाताला घाई, त्यामुळे रंग केसांना कमी आणि कानांना जास्त. पुढचा रंग लागेपर्यंत दोन्ही कान काळेच असतात. अख्ख्या बाजाराला हे ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही, कारण मास्तर माणूस भला. कपडे दुबईहून फैसल पाठवतो, तो थोरला मुलगा. गेल्या वर्षी त्याने पाठवलेल्या एका टी-शर्टवर छातीवर इंग्रजीत भलंमोठं 'ज्युनिअर चॅम्पियन' लिहिलेलं होतं. तो घालून मास्तर दोनदा बँकेत आणि एकदा मयतीला जाऊन आला. मास्तरच्या बायकोने, मुनिराने, ती अक्षरं वाचली होती. पण माणूस खुशीत होता, म्हणून गप्प बसली.

आता गंमत बघा. स्वतःच्या बाबतीत इतका वाहवलेला हा माणूस दुसऱ्याच्या अंगावर काय शोभेल हे सांगण्यात असा पक्का, की पलीकडे गोव्यातल्या पेडण्यापासून बायका त्याच्याकडे येतात. लेडीज टेलर म्हणून चाळीस वर्षं झाली. नुकती लग्न झालेली पोर असो की नातवाच्या मुंजीला निघालेली आजी, मास्तर आधी कापड उलगडतो, मग तोंड उघडतो. "बाय माजे, ह्यो खोल गळो तुज्या सुनेक दी. तुका बंद गळो, बाही कोपरापर्यंत. आनी ह्यो झगमगीत काठ काडून टाक. लोकांक तुजो चेरो दिसूक होयो, काठ न्हय." बाई आधी फुगते. मग शिवलेलं घालून आरशासमोर उभी राहते, आणि पुढच्या खेपेला जावेला घेऊन येते.

माप मात्र मास्तर घेत नाही. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान, खोलीच्या कोपऱ्यात पडदा, पडद्याआड मुनिरा टेप घेऊन उभी. ती आतून आकडा सांगणार, तो बाहेर लिहून घेणार. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून हीच रीत. चाळीस वर्षांत मास्तरने एकाही गिऱ्हाइकाला टेप लावलेली नाही. कापड त्याचं, कातर त्याची, पण माणसाचं अंग मुनिराने बघायचं. बायकाही मोकळ्या बोलतात. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा घोव परत प्यायला लागलाय, कुणाची मुलगी नांदत नाही, हे सगळं त्या पडद्याआड मुनिराच्या कानात पडतं आणि तिथेच राहतं.

तर हे दुकान दोन वर्षांपासून एका खोट्यावर चाललं होतं, आणि ते खोटं मुनिराचं होतं.

झालं असं की मास्तरला जवळचं दिसेनासं झालं. चौसष्टाव्या वर्षी त्यात काय नवल! पण मास्तर कबूल करील तर शपथ. आधी म्हणाला, "ट्यूबलायटीचो उजेड कमी झालोसा." ट्यूब बदलली. मग म्हणाला, "कंपनीवाले दोरो बारीक करूक लागलेत." मग सुया बनवणाऱ्यांवर घसरला, सुयांची भोकंच पूर्वीसारखी राहिली नाहीत म्हणाला. मुनिराने एकदा हळूच चष्म्याचं नाव काढलं, तर मास्तरने मशीन थांबवलं आणि समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे तन्वी नावाच्या पोरीने काचेच्या दाराचं बुटीक काढलेलं. आत गार हवा, बाहेर पुतळे.

"थय बघ," मास्तर म्हणाला. "ती पंचवीस वर्सांची. आनी हय मी नाकार चष्मो घेवन बसलंय तर बायका काय म्हनतली? मास्तर थकलो. मास्तराच्या हातात आता कापड दिवा नको. लेडीज टेलर म्हातारो दिसूक कामा नये, मुनिरा. ह्या जीनपँटी मी हौसेन घालतंय असा वाटता तुका?"

थोड्या हौसेनेही घालत होता, पण ते राहू दे. मुनिराने मग वाद घातला नाही, वाट काढली. सकाळी उठून वीसेक सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवायची. दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे तिनेच लावायची. आणि दुपारी मास्तर जोहरच्या नमाजेला गेला, येऊन जेवला आणि आडवा झाला, की त्याने कपड्याच्या कडांना हाताने घातलेली वेडीवाकडी हेमिंग उसवून ती पुन्हा घालायची. तासभर तरी मान खाली, डावा खांदा झुकलेला. मास्तर उठून कपडा हातात घेई, बोट फिरवी आणि म्हणे, "बघ. आजून हात बसलेलो आसा." मुनिरा म्हणे, "तर!"

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा धरून डॉक्टरकडे न्यायचा की. मुनिरा काही बावळट नाही. सायमाला, म्हणजे लेकीला, बाळंतपणात दवाखान्यात हलवायचं ठरलं तेव्हा तिने एकटीने अख्खं सासर हलवलं होतं. नवऱ्याला सावंतवाडीला न्यायला तिला काय अवघड होतं? पण नेत नव्हती. आणि का नेत नव्हती ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला मात्र सांगितलं होतं. चष्मा लागला की ह्या माणसाला सगळ्यात आधी दिसणार होती ती मुनिरा.

मुनिरा आता एकोणसाठची. केसांना लावायची काळी मेंदी तिने तीन वर्षांपूर्वी सोडली, डोकं खाजायचं म्हणून. आता भांगापासून कानापर्यंत सगळं पांढरं. गळ्याला सुरकुत्या, डोळ्यांखाली पिशव्या, कंबर कधीची गेलेली. हे सगळं आरशाला माहीत होतं, शेजारणींना माहीत होतं. रहमतुल्लाला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे जे धुकं आलं होतं त्यात त्याची बायको कुठेतरी विशी-तिशीत थांबली होती. मध्येच मशीनवरून मान वर करून, तिच्या डोक्यावरच्या ओढणीकडे अंदाजाने बघत तो म्हणायचा, "तुजे केस बघ, आजून कशे काळेभोर." मुनिराला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. एकोणसाठाव्या वर्षी असं म्हणणारा माणूस घरात असला तर त्याचे डोळे बरे करायची घाई कुठली बाई करील?

तिला नवी नवरी समजायची ही खोड मात्र डोळे जायच्या आधीपासूनची, आणि तिचा ताप मुनिराला वर्षातून एकदा व्हायचा, ईदला. ईदची सगळी गिऱ्हाइकं आटपली की मास्तर शेवटचा कपडा बायकोसाठी शिवायचा. माप घ्यायचा नाही. "तुजा माप माका तोंडपाठ आसा," म्हणायचा, आणि तोंडपाठ होतं ते नव्या नवरीचं. रंगही त्या नवरीचेच. एका वर्षी पोपटी, एका वर्षी गुलाबी, त्याच्या पुढच्या वर्षी असा नारिंगी, की मुनिरा अंगणात आली तेव्हा शेजारच्या कोंबड्या दचकल्या. कंबर आवळलेली, बाही चिकटलेली. ती दुपारच्या वेळी बसून दोन्ही बगला उसवायची, मिळत्याजुळत्या कापडाची पट्टी आत घालायची आणि वर मोठी ओढणी घ्यायची. ईदगाहवरून आलेला मास्तर लांबून बघून म्हणायचा, "बसला मगे बराबर?"

"तर! चिमटीभर इकडे न्हय, तिकडे न्हय," मुनिरा म्हणायची.

हे असंच चाललं असतं. पण मे महिन्यात सायमाच्या धाकट्याला ताप आला आणि मुनिरा तीन दिवस वैभववाडीला गेली. जाताना सुया ओवून गेली, पन्नास. रिळं लावून गेली. दुपारच्या हेमिंगचं काय करायचं ते मात्र तिला सुचलं नाही.

त्या तीन दिवसांत दुकानात दोन ब्लाउज कापलेले पडले होते. एक पेडण्याच्या एका गिऱ्हाइकाचा, गडद हिरव्या रेशमाचा. दुसरा शर्मिष्ठाबाईंचा, गडद निळ्या रेशमाचा. शर्मिष्ठाबाई म्हणजे हायस्कूलच्या मुख्याध्यापिका, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांच्या निरोप समारंभाचा ब्लाउज. सून म्हणत होती, तन्वीकडे बिनबाह्यांचा शिवा. बाई ठाम, "माझ्या वयाला काय शोभतं ते माझ्यापेक्षा मास्तरांना जास्त कळतं." आता अशा बाईचा ब्लाउज माणसाने दाराशी नेऊन उजेडात बघावा की नाही? मास्तरने आत ट्यूबलाइटखाली बसून शिवला. एक बाही निळी जोडली. दुसरी हिरवी. इस्त्री केली, घडी घातली, बाईंच्या घरी पाठवून दिला.

मुनिरा परत आली ती समारंभाच्या दुसऱ्या दिवशी. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच शर्मिष्ठाबाई दारात, हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहरा फुललेला.

"मास्तर, काय केलंत हो तुम्ही!"

मास्तर मशीनवरून उठला. मुनिराची नजर खुंटीवरच्या कपड्यांकडे गेली.

"एक बाही निळी, एक हिरवी! सकाळी घडी उघडली आणि मी बघतच राहिले. म्हटलं, हे काय? मग डोक्यात प्रकाश पडला. माझी साडी गंगाजमना काठाची, एक काठ निळा, एक हिरवा. मी तुम्हाला साडी दाखवली होती ती काय उगाच? तुम्ही ते ध्यानात ठेवून बाह्या केल्यात. पन्नास जणींनी विचारलं मला. अहो, ती समोरची तन्वी येऊन हात लावून बघून गेली!"

घ्या! चूक झाली, आणि चुकीचा सत्कार झाला. पंचवीस वर्षांच्या विश्वासाने बाईंना इतकं आंधळं केलं होतं, की मास्तरच्या हातून चूक होईल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मास्तर हसला. "तुमका शोभला ना बाई, मगे झाला तर," म्हणाला. पेढा घेतला. बाई आणखी दोन ब्लाउजांचं कापड ठेवून गेल्या.

त्या वळणावर दिसेनाशा झाल्या तसा मास्तर कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेला. पेडण्याच्या ब्लाउजचे तुकडे उचलून दाराशी उन्हात आला आणि एकेक तुकडा डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघू लागला. पाठ हिरवी. पुढचे दोन भाग हिरवे. एक बाही हिरवी. आणि एक निळी. ती त्याने उलटीपालटी केली, पुन्हा उन्हात धरली. मुनिरा आतून बघत होती.

त्या दिवशी मशीन पुन्हा चाललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर दुकानात बसून राहिला, हात मांडीवर ठेवून. चुकीबद्दल बोलणी खाल्ली असती तर एवढं लागलं नसतं त्याला. पेढे खाल्ले ते लागलं. शेवटी संध्याकाळी मुनिरा चहा घेऊन आली तेव्हा तो कपाकडे न बघता म्हणाला, "मुनिरा, माका दिसना नाय."

दोन वर्षं तिला ठाऊक होतं, हे वाक्य एक दिवस येणार. आणि ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आणखी दोन महिन्यांनी बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण मास्तरच्या आवाजात जे होतं ते तिने इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्याच्यापुढे तिच्या गळ्याच्या सुरकुत्या कसल्या!

"उद्या सावंतवाडीक जावया," ती म्हणाली. "च्या पिया आधी."

डॉक्टरने तपासायला दहा मिनिटंही घेतली नाहीत. "जवळचाही नंबर आहे, लांबचाही आहे. आजवर कसं काम करत होता तुम्ही?" त्याने विचारलं. मास्तर म्हणाला, "अंदाजान." डॉक्टरने मुनिराला आत बोलावलं, काचा घालून बघताना घरचं कुणीतरी समोर असलेलं बरं म्हणून. मुनिरा बाकावरून उठली नाही. पाय दुखतो म्हणाली. चष्मा तयार व्हायला आठवडा लागणार होता. मुनिराच्या हातात तो एकच आठवडा उरला होता.

पहिल्या दिवशी तिने काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारात गेल्यावर मागीलदारी त्याची रंगाची डबी उघडली. ब्रश भिजवून भांगावर दोन पट्टे ओढले आणि आरशात बघितलं. आरशात रहमतुल्ला बसला होता, फक्त मिशी नव्हती. तिला इतकं हसू आलं की रंग कपाळावर ओघळला. बालदीभर पाण्याने डोकं धुतलं, तरी दिवसभर खाजत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तिने ट्रंक उघडून ईदचे सगळे कपडे खाटेवर पसरले. पोपटी, गुलाबी, नारिंगी, मोरपंखी. आपल्याला ह्यातला कुठला रंग आवडतो, असं तिने मनात विचारलं आणि उत्तरच येईना. लग्नापर्यंत आईने निवडले, लग्नानंतर ह्याने. हजारो बायकांची मापं घेतली, कुणाला काय हवंय ते पडद्याआड नीट ऐकून घेतलं, आणि आपल्याला काय हवंय ते एकोणसाठ वर्षांत कधी आपल्याच कानावर आलं नाही. तिला स्वतःचा राग आला. मग रडू आलं. मग मास्तर जेवायला आला, म्हणून ते राहून गेलं.

चष्मा आला तो गुरुवारी दुपारी. सावंतवाडीच्या एका रिक्षावाल्याने डबी आणून दिली. खरं म्हणजे तो केस रंगवायचा गुरुवार, पण त्या आठवड्यात मास्तरने रंगाच्या डबीला हात लावला नव्हता. मुनिराने घाईघाईने ओढणी कपाळावर ओढली, अगदी भुवयांपर्यंत, आणि पाठ करून हूक लावायला बसली.

मास्तरने चष्मा चढवला. पहिल्यांदा सुई घेतली. दोरा एका झटक्यात आत. "ह्या!" तो ओरडला. दुसरी सुई. तिसरी. पोरासारखा हसत सुटला. मग खुंटीवरचा तयार कुर्ता काढला, त्याचा घेर उलटा करून बघू लागला, आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"हे टाके माजे न्हय," तो म्हणाला.

मुनिरा हूक लावत राहिली.

"तू दोन टाक्यांत जरा जागा सोडतंस. पयल्यापास्ना. हे तुजे." त्याने दुसरा कपडा काढला. तिसरा काढला. खुंटीवरचे सगळे बघितले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "कदीपासून?"

"दोन वर्सां," मुनिरा पाठमोरीच म्हणाली.

मास्तरने कुर्ता खुंटीला परत लावला. पडद्याशेजारी गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा आहे, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिथूनच एकदम आवाज आला, "मुनिरा! माज्या कानांक काय लागलासा?"

"रंग."

"कदीपासून?"

"सा-सात वर्सां झाली असतली."

"आनी सांगूक नाय माका?"

"तुमी खुशीत होतास," मुनिरा म्हणाली, आणि इतक्या भीतीतही तिच्या ओठांवर हसू आलं. "बाजारवाले पन काय बोलले नाय. बरे आसत लोक."

मास्तरने कान चोळून बघितले. जीनच्या घट्ट पायांकडे खाली बघितलं. "या अल्ला," पुटपुटला. आणि मग वळला. "आनी तू खंय तोंड लपवन बसलंस? हय ये, उजेडात."

आता पळायला जागा नव्हती. मुनिरा उठली. दाराशी आली, जिथे त्याने निळी बाही उन्हात धरून बघितली होती. त्याने हात लावायच्या आत तिने स्वतःच ओढणी मागे सारली, खांद्यावरून काढून हातात घेतली.

"बघा," ती म्हणाली. "ही आसंय मी."

रहमतुल्ला बघत राहिला. कपडा बघतो तसं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. केस, कपाळ, डोळ्यांखालचं, गळा. मुनिराला ते सोसेना.

"काय झाला? घाबरलात?"

"माका फसयलंस गो तू," तो हळू म्हणाला. "इतकी वर्सां मी दुसऱ्याच बायलेचे कपडे शिवत रवलंय."

मुनिराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हेच, हेच तिला नको होतं. "मगे? बरी होती मा ती?" तिने विचारलं. "कंबर होती तिका. केस होते."

"बरी होती," मास्तर म्हणाला. "पन तिका हेमिंग खंय येय होता!"

आणि त्याने खुंटीवरची टेप घेतली. चाळीस वर्षांत स्वतः कुठल्याही बाईला न लावलेली टेप त्याने आपल्या बायकोच्या खांद्याला लावली, तशीच दारात, उजेडात. छाती घेतली, कंबर घेतली, आकडा लिहिताना भुवई उडवली नाही. डाव्या खांद्याशी मात्र थांबला. पुन्हा मोजला. "ह्यो पाव इंच उतरलोसा," म्हणाला. का उतरला, ते त्याने विचारलं नाही. खुंटीवरच्या कपड्यांकडे एकदा बघितलं आणि तळवा त्या खांद्यावर तसाच ठेवून उभा राहिला. रस्त्याने माणसं जात होती. मुनिराने ओढणी घ्यायला हात उचलला नाही.

मग तो आत गेला आणि कपाटाच्या वरच्या खणातलं एक कापड काढून आला. आमसुली, सुती, काठ नाही, चमक नाही. त्याने ते तिच्या खांद्यावर टाकलं आणि पांढऱ्या केसांची एक बट ओढून त्यावर आणून ठेवली.

"काळ्या केसांक ह्यो रंग शोभना नाय," तो म्हणाला. मुनिरा त्याच्याकडे बघत होती, पण हा नवऱ्याचा आवाज नव्हता, बायकांना काय शोभतं ते जाणणाऱ्या मास्तरचा होता. तो आवाज उगाच गोड बोलत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? "तुजे केस आता खंय ह्या रंगाच्या लायक झाले."

मुनिरा आरशापुढे गेली. डोळे पुसून बघितलं. आरशात एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती, आणि ती बाई मुनिराला एकदम आवडली.

"पन कसो शिवूचो ता मी सांगतलंय," ती म्हणाली.

"सांग मगे." मास्तरने वही घेतली.

"गळो बंद. कंबर सैल, माका बसून काम करूचा आसता. बाही कोपराच्या खाली." ती जरा थांबली. "आनी खिसो होयो."

"खिसो?" मास्तरने वहीतून मान वर केली. "बायकांच्या कुर्त्याक खिसो?"

"होयो," मुनिरा म्हणाली. "मोटो."

मास्तरने चष्मा नाकावर सरकवला आणि लिहून घेतलं.